प्लेटमागचा माणूस

गिरणेच्या पात्रात टेनिस बॉलची मॅच. शेवटची ओव्हर. बॉल ऑफ स्टंपच्या बराच बाहेरून गेला आणि वाइड की नाही यावरून राडा सुरू. अंपायर कोण? तर बॅटिंग टीमचाच आठव्या नंबरवर येणारा पोरगा! भडगावात राहता म्हटल्यावर तुम्ही यात कधी ना कधी भांडला असालच.

आता विचार करा, असा निर्णय एकाच मॅचमध्ये शंभरेक वेळा द्यायचा असेल तर? बेसबॉलमध्ये प्लेटमागच्या अंपायरचं हेच काम. होम प्लेट फक्त १७ इंच रुंद. बॅटरने बॅट फिरवलीच नाही, तर बॉल प्लेटवरून आणि ठरलेल्या उंचीतून गेला का, ते अंपायरने सांगायचं. गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की फुकटात पहिला बेस. आपल्याकडे सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांना हे पाठच असेल.

या कामातला बाप माणूस म्हणजे बिल क्लेम. जन्म १८७४, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. खेळाडू व्हायचं होतं, हाताने दगा दिला. मग पुलाच्या बांधकामावर काम केलं, बारमध्येही केलं. १९०२ मध्ये छोट्या लीगमध्ये अंपायर झाला आणि १९०५ मध्ये थेट नॅशनल लीगमध्ये.

तेव्हा बरेच अंपायर हवा भरलेली मोठी गादी छातीपुढे धरून उभे राहायचे. गादी मधे आली की खाली वाकता येत नाही, गुडघ्याजवळचा बॉल नीट दिसत नाही. क्लेमने संरक्षक कोटाच्या आत घातलं आणि कॅचरच्या खांद्यावरून, बॅटरच्या बाजूच्या फटीतून बघायला सुरुवात केली. बॉलची रेषाही दिसते, उंचीही. साधी गोष्ट वाटते ना? पण त्याची नजर इतकी पक्की मानली गेली की पहिली १६ वर्षं त्याला प्लेटमागेच ठेवलं. वर्ल्ड सीरिज तर त्याने १८ केल्या. तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

वाद घालायला कुणी आलं की तो बुटाने मातीत रेघ मारायचा आणि पाठ फिरवायचा. रेघ ओलांडली की मैदानाबाहेर! (गिरणेच्या वाळूत ही आयडिया चालेल का, शंका आहे.)

खरी परीक्षा झाली १९०८ मध्ये. न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्यात विजेतेपद ठरवणारी मॅच होती. त्याआधी जायंट्सच्या टीमच्या डॉक्टरने क्लेम आणि त्याचा जोडीदार जॉनस्टन यांना २,५०० डॉलर देऊ केले. एवढ्यात तेव्हा घर झालं असतं. बरं, पकडणार कोण? ना कॅमेरा, ना रिप्ले. एखादा काठावरचा स्ट्राइक बॉल म्हणून दिला असता तर कुणाला कळलंही नसतं. दोघांनी पैसे नाकारले आणि वर तक्रारही केली. मॅच कब्जने ४-२ अशी जिंकली, डॉक्टरवर बंदी आली.

त्याच्या शेवटाचा किस्सा असा सांगतात. १९४१ मध्ये एका मॅचमध्ये त्याने बेसवर धावणाऱ्याला आउट दिलं, खेळाडू भडकला. नेहमीसारखी पाठ फिरवून चालताना क्लेमच्या लक्षात आलं, की आउट आहे असं आपल्याला नुसतं वाटलं होतं, पूर्ण खात्री नव्हती. असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. त्याने काम सोडलं. १९५१ मध्ये तो गेला. दोन वर्षांनी टॉमी कॉनलीसोबत त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. त्याआधी तिथे एकही अंपायर नव्हता.