मुरबाडचे नाना आणि मुंबईची वाढ

आगगाडीच्या इतिहासात ज्यांचे नाव मानाने घेतले जाते ते जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे आपल्या मुरबाडचे सुपुत्र. जन्म १८०३ सालचा. घराणे मुरकुटे, सधन व्यापाऱ्याचे. १८२२ मध्ये वडील वारले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार नानांवर पडला. पण ते नुसते धन सांभाळत बसले नाहीत. मुलींना शिकवणे लोकांना रुचत नव्हते, त्या काळी त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असाही त्यांचा आग्रह होता.

१८४५ पासून नाना रेल्वेच्या खटपटीत होते. पुढे ते रेल्वे कंपनीचे एक संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १८५४ मध्ये ती कल्याणला, १८५५ मध्ये शहापूर तालुक्यातील वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली.

त्याच सुमारास अमेरिकेतील युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे भरली. १८६५ च्या जुलैत शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना निवर्तले. १८७२ मध्ये वस्ती ६,४४,४०५ वर आली होती. शहर फुगते तसे ओसरतेही, हे यावरून दिसते.

शहरांच्या आकारालाही एक नियम असतो, असे जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकात दाखवले. दुसऱ्या क्रमांकाचे शहर पहिल्याच्या साधारण निम्मे, तिसरे एक तृतीयांश. महाराष्ट्राला हा हिशेब लावून पाहा. २०११ मध्ये मुंबई १ कोटी २४ लाख होती, म्हणजे पुणे ६२ लाख हवे होते. प्रत्यक्षात ते ३१ लाख. नागपूर ४१ लाख हवे, ते २४ लाख. एकट्या मुंबईने सर्वांचा वाटा ओढला आहे.

हा वाटा आपल्यासारख्या खेड्यांतूनही गेला. शहापूरकर आसनगावला लोकल पकडतात. नानांच्या मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही. तेथील मुले एस.टी.ने कल्याण गाठतात. नानांचे पुतळे आपण पुष्कळ उभारले. त्यांच्या जन्मगावी गाडी आणणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.