फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक

भगिनींनो, आपल्या नांदेड-लातूरकडे पोर नीट बोलूही लागत नाही तोच भजनात टाळ वाजवू लागते. अर्थ मागाहून कळतो, आधी ठेका अंगात भिनतो. ख्रिस्ती घरांतील मुलांना मात्र पूर्वी उपासनेत पुष्कळशी विलायती चालींची गीते म्हणावी लागत. थोरांची जीभ जेथे अडखळे तेथे लेकरांनी काय करावे?

ही अडचण रे. नारायण वामन टिळकांनी दूर केली. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या माउलीने काय सोसले असेल, ते आपणां बायकांनाच कळावे!

पुढे अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) दोघे पुन्हा एकत्र नांदली. टिळकांनी अभंग, ओव्या, पदे रचली, उपासनेत भजन-कीर्तन आणले. ख्रिस्ताला त्यांनी आई म्हणून हाक मारली. देव आईसारखा आहे, हे तान्ह्या लेकरालाही समजते. त्यासाठी मोठे प्रवचन लागत नाही. म्हणूनच मुले नुसती हात जोडून न बसता मोठ्यांबरोबर गाऊ लागली. लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणत.

१९१९ साली मुंबईस टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गातात आणि मुले टाळ्यांचा ठेका धरतात.