पंचांच्या वहीत नसलेले नाव

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गुळाच्या बाजारात हमाली करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण फुटबॉलच्या बाबतीत ते कुणाला हार जाणार नाहीत. यात नवल नाही, कारण आम्ही कोल्हापूरचे. इथे पेठांपेठांतून आणि तालमींतून फुटबॉल वाढला.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा शालेय सामना होता. तो तेव्हा आठवीत होता. वडील अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आले होते. समोरच्या संघातल्या एका मुलाने भावाच्या नडगीवर दोनदा लाथ मारली. पंचांच्या ते लक्षात आले नाही. वडील रेषेबाहेरून ओरडले, की त्याचा पाय मोड. त्यांच्यामागोमाग मीही तेच ओरडले. भावाने आमचे ऐकले. पाचच मिनिटांत तो मुलगा खाली पडून विव्हळत होता आणि पंचांनी भावाला मैदानाबाहेर काढले होते. वडील पंचांच्या अंगावर धावून गेले. त्या मुलाची आई पळत मैदानात आली. तिच्याकडे बघण्याचे धैर्य मला झाले नाही. घरी जाताना आम्ही तिघे एक शब्दही बोललो नाही.

हे शल्य मनात असतानाच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्याविषयीचे एक इंग्रजी पुस्तक हाती आले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते वाचून काढले. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे, असे वाटते.

स्टॅन्लीचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी इंग्लंडमधील हॅन्ली येथे झाला. स्टोक-ऑन-ट्रेंट हा तो परिसर चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. वडील जॅक मॅथ्यूज हे व्यवसायाने न्हावी आणि नावाजलेले मुष्टियोद्धे. चार मुलांपैकी हा तिसरा. आपल्या मागे मुलाने मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरावे, हे वडिलांचे स्वप्न होते. त्यासाठी ते त्याच्याकडून कसून मेहनत करून घेत. पोराचे मन मात्र चेंडूत गुंतलेले. एकदा धावण्याच्या सरावाने त्याला ओकारी झाली, तेव्हा आई मध्ये पडली. पोराला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, असे तिने नवऱ्याला बजावले. जॅक यांनी एक अट घातली. इंग्लंडच्या शालेय संघात निवड झाली, तर फुटबॉल खेळावा. १९२९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, स्टॅन्लीने ती अट पुरी केली आणि वडिलांनी आपला शब्द पाळला.

मला या चरित्रातली ही सर्वांत मोठी घटना वाटते. ज्या हातांनी रिंगणात ठोसे मारले, त्या हातांनी आपले स्वप्न खाली ठेवले. मुलाची शिस्त मात्र त्यांनी सोडली नाही. पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी क्लबच्या कचेरीत हरकाम्या पोऱ्या म्हणून लागला आणि सतरा पूर्ण होताच व्यावसायिक खेळाडू झाला. पगार शिल्लक टाकायचा आणि सामना जिंकल्यावर मिळणारा बोनस तेवढा खर्चायचा, असा वडिलांचा दंडक होता. मॅथ्यूज यांनी पुढे मद्याला कधी स्पर्श केला नाही. सोमवारी उपवास करण्याचाही त्यांचा नेम होता. हे वाचून माझ्या आईला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटली!

ते उजव्या कडेने खेळत. चेंडू पायाशी घेऊन बचावपटूच्या अगदी जवळ जायचे, डावीकडे झुकल्यासारखे करायचे आणि क्षणात उजवीकडून निसटायचे, ही त्यांची हुलकावणी. ती ठाऊक असूनही अडवता येत नसे. चेंडू मिळत नाही असे दिसले, की प्रतिपक्ष पायांवर घाला घाली. ते पडत, उठत, आणि पुन्हा त्याच खेळाडूसमोर चेंडू घेऊन जात. त्यांचे उत्तर तेवढेच असे. ३३ वर्षांच्या कारकिर्दीत, सुमारे ७०० लीग सामन्यांत आणि इंग्लंडकडून खेळलेल्या ५४ सामन्यांत, ताकीद देण्यासाठी एकाही पंचाने त्यांचे नाव वहीत टिपले नाही. पिवळी-तांबडी कार्डे १९७० साली आली. त्याआधी पंच वहीत नाव लिहून घेत.

१९४५ साली जॅक मॅथ्यूज वारले. मृत्युशय्येवर त्यांनी मुलाकडून दोन वचने घेतली. आईचा सांभाळ करायचा आणि एफ. ए. कप जिंकायचा. मॅथ्यूज १९४७ साली ब्लॅकपूलकडे गेले. १९४८ आणि १९५१ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात पराभव झाला. २ मे १९५३ रोजी ते तिसऱ्यांदा वेम्बलीवर उतरले, तेव्हा वय ३८ होते. बोल्टनने ३-१ अशी आघाडी घेतली. शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत मात्र मॅथ्यूज उजव्या कडेने पुन्हा पुन्हा घुसत राहिले. अखेरच्या क्षणी त्यांनी दिलेल्या चेंडूवर बिल पेरी यांनी गोल केला आणि ब्लॅकपूल ४-३ ने जिंकले. लोकांनी त्या सामन्याला मॅथ्यूज यांचेच नाव दिले. वास्तविक त्या दिवशी तीन गोल स्टॅन मॉर्टेनसन यांनी केले होते. ते नाव मॅथ्यूज यांना कधी रुचले नाही. श्रेय मॉर्टेनसन यांचे आणि सर्व सहकाऱ्यांचे, असेच ते सांगत राहिले.

१९५६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. १९६५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, ते अखेरचा लीग सामना खेळले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

माणूस म्हटला की उणेपणा आलाच. पुढे ते पोर्ट व्हेल क्लबचे व्यवस्थापक असताना खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याबद्दल १९६८ साली त्या क्लबला दंड झाला आणि लीगमधून काढून टाकण्यात आले. नंतर मतदानाने त्याला परत घेतले गेले. पण हा डाग व्यवस्थापकाला चुकला नाही. चरित्र लिहिताना हे पान फाडून टाकणे मला बरे वाटत नाही.

त्यांची उन्हाळ्याची सुट्टी कित्येक वर्षे आफ्रिकेतील मुलांना शिकवण्यात जाई. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य असताना, १९७५ साली त्यांनी सोवेटोच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांचा संघ बांधला आणि त्यांना ब्राझीलला खेळायला नेले. ज्या मुलांना स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, त्यांना त्यांनी जग दाखवले. २३ फेब्रुवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले.

हे सारे मी एका रात्री जेवणानंतर घरी सांगितले. भाऊ तोंड उघडे ठेवून ऐकत होता. वडील काही बोलले नाहीत. त्या पोराचा बाप काय काम करायचा, एवढे त्यांनी दोनदा विचारले. न्हावी होता, असे मी दोनदा सांगितले.

यंदा भावाचा पुन्हा सामना झाला. आम्ही दोघे रेषेबाहेर उभे होतो. भावाच्या नडगीवर लाथ बसली, तेव्हा वडिलांचा हात वर गेला. मी श्वास रोखून धरला. वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून दातांत धरला आणि हात खाली घेतला. भावाने एकदा आमच्याकडे पाहिले, मोजा वर ओढला आणि तो चेंडूमागे धावला. सामना आम्ही हरलो. पण येताना वाटेत तिघेही बोलत होतो.