मजुराला मागणीचा हक्क देणारे सभापती

१ एप्रिल २००८ पासून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा देशातील उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला आणि बेंगळूरु ग्रामीण जिल्ह्यातील देवनहळ्ळी तालुक्यातल्या भूमिहीन मजुरालाही सरकारकडे काम मागण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २४ मे रोजी, देवनहळ्ळीलाच बेंगळूरुचा नवा विमानतळ सुरू झाला. विमानतळाचा जितका गाजावाजा झाला, तितका त्या हक्काचा झाला नाही. परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी माणसालाही बहुधा ठाऊक नसते की, या हक्काचा उगम सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आहे आणि त्याचे जनकत्व विठ्ठल सखाराम पागे यांच्याकडे जाते.

१९१० मध्ये जन्मलेले पागे स्वातंत्र्यलढ्यातून राजकारणात आले. गांधीविचाराचा संस्कार आणि संतसाहित्याचा व्यासंग ही त्यांची शिदोरी होती. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. सभापतीला ना खाते असते, ना निधी. तरीही राज्याच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी योजनांपैकी एक या आसनावरील व्यक्तीच्या चिंतनातून निघाली, हे लक्षणीय आहे.

अवर्षणप्रवण भागातील अनुभवातून पागे यांच्या ध्यानात आले होते की, हंगाम संपला की शेतमजुराच्या घरची चूल विझू लागते. पण दुष्काळ जाहीर होईपर्यंत सरकारी कामे निघत नाहीत. ग्रामीण भागात काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढाला ते मिळालेच पाहिजे, अशी कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली.

त्याच सुमारास भीषण दुष्काळ कोसळला. खडी फोडणारे हात आणि सुकडीच्या रांगा हे त्या काळाचे चित्र होते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांच्या मोर्चांनी कामाची मागणी रस्त्यावर आणली. दुष्काळ सरल्यावर ही कामे बंद करून विषय मिटवणे सरकारला सोपे होते. योजना टिकली ती पैशाची कायम सोय लावल्यामुळे. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारातून होणारी ही कपात आणि इतर काही विशेष कर रोजगार हमीसाठी राखले गेले. तितकीच भर राज्य सरकारने घालायची होती. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या हमीचा भार उचलावा, असा हा सरळ व्यवहार होता.

१९७७ मध्ये विधिमंडळाने हमीचा कायदा केला, तेव्हा परिषदेच्या आसनावर पागेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी नोंदवल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हा त्याचा गाभा होता. उत्पन्नाचा दाखला नको, गरिबांची यादी नको. जो उन्हात माती उचलण्यास तयार आहे, तोच पात्र. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, नालाबांध व रस्ते ही कामे त्यातून उभी राहिली आणि मोठ्या संख्येने स्त्रिया हजेरीपटावर आल्या.

अंमलबजावणीतील दोषही लपले नाहीत. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, मागणी नोंदवून घेण्यातील टाळाटाळ आणि क्वचितच दिला गेलेला भत्ता यांनी योजनेची बदनामी केली. हक्क कायद्यात असतो, पण तो तहसील कचेरीच्या खिडकीवर मिळतो किंवा अडतो, हा धडा प्रशासनाने त्यातून घ्यायचा होता. पागे १९९० मध्ये निवर्तले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय कायदा करताना महाराष्ट्राचाच नमुना समोर ठेवला. मात्र महाराष्ट्रात दिवसांची मर्यादा न घालता प्रत्येक प्रौढाला असलेला हक्क राष्ट्रीय पातळीवर प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवस असा आक्रसला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि केंद्राने राज्यनिहाय निधी आधी ठरवण्याची पद्धत आली.

नेमका येथेच पागे यांच्या विचाराचा कस लागतो. त्यांच्या मांडणीत मजुराची मागणी आधी होती आणि तिजोरीची तरतूद तिच्यामागून येणार होती. हा क्रम उलटला, तर दिवस कितीही वाढवले तरी हमीची योजना होते आणि योजनेची पुन्हा मदत. मदत मागणाऱ्याला हात जोडावे लागतात. हमीच्या कायद्याने मजुराला अर्जाची पोच मागण्याचा अधिकार दिला होता. तो अधिकार राखणे ही आता राज्यांच्या अर्थखात्यांची आणि संसदेच्या देखरेखीची कसोटी आहे.