शरदातील वाल्दोक्को : संत जॉन बॉस्को यांचे अल्पचरित्र

पावसाळा सरला, भातकापणी आटोपत आली आणि दिवाळीची सुटी संपवून मुले ट्रंका व वळकट्या घेऊन पुन्हा बोर्डिंगच्या फाटकात शिरू लागली, म्हणजे मला दर वर्षी संत जॉन बॉस्को यांची आठवण होते. त्यांचा सण जानेवारीच्या अखेरीस येतो हे खरे. परंतु त्यांच्या आयुष्यातील बहुतेक मोठ्या गोष्टी ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन महिन्यांतच घडलेल्या दिसतात. उत्तर इटलीत हा काळ द्राक्षे खुडून झाल्यानंतरचा, धुक्याचा व पहिल्या थंडीचा. शाळांचे नवे वर्ष तिकडे त्या काळी सर्व संतांच्या सणाच्या सुमारास सुरू होत असे. आपल्या पॅरिशमधील अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी लहानपणी बोर्डिंगचे अन्न खाल्ले आहे. तेव्हा या ज्युबिलीच्या पुस्तिकेत बोर्डिंगमधील मुलांच्या या पित्याची कथा सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिएमाँत प्रांतातील बेक्की नावाच्या लहानशा वाडीत झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे वडील न्युमोनियाने वारले. घरात विधवा आई मार्गेरिताबाई, म्हातारी आजी, सावत्र भाऊ आंतोनियो व सख्खा भाऊ जुझेप्पे एवढी माणसे होती. जॉनला शिकण्याची ओढ. आंतोनियोला मात्र शेतावरच्या माणसाने पुस्तक हाती धरणे खपत नसे. भांडण विकोपास जाऊ लागले, तेव्हा १८२८ च्या ऐन हिवाळ्यात आईने बारा वर्षांच्या या मुलास घराबाहेर काढून एका परक्या शेतकऱ्याकडे गडी म्हणून पाठविले. आईच्या मनाची काय स्थिती झाली असेल, याची कल्पना ज्यांनी आपली लेकरे दूर धाडली आहेत त्यांसच यावी. पुढे हजारो मुलांस ज्याने घर दिले, तो स्वतः कोवळ्या वयात घरातून निघाला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८२९ च्या शरदात तो परत आला. त्याच नोव्हेंबरात फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंशी वाटेत त्याची गाठ पडली. मुलाने नुकतेच ऐकलेले प्रवचन जवळजवळ जसेच्या तसे म्हणून दाखविले. म्हाताऱ्यास नवल वाटले व त्यांनी त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. जॉनला प्रथमच बापाची माया मिळाली. परंतु बरोबर एका वर्षाने, १८३० च्या नोव्हेंबरात, फादर कालोस्सो अकस्मात वारले. मरतेसमयी त्यांनी आपल्या पैशांच्या पेटीची किल्ली मुलाच्या हाती दिली होती. जॉनने ती नातेवाइकांच्या स्वाधीन केली व पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहिला. पुढील शिक्षण त्याने किएरी येथे शिंप्याकडे व कॉफीच्या दुकानात काम करून, लोकांच्या घरी राहून पुरे केले. १८३५ च्या ऑक्टोबरअखेर त्याने सेमिनरीत प्रवेश केला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यास गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूस डॉन म्हणतात, आपण फादर म्हणतो तसे. म्हणून ते जगभर डॉन बॉस्को या नावाने ओळखले जातात.

तुरीन त्या काळी झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा व चुना वाहत, रात्री मिळेल तेथे निजत, आणि त्यांतील बरीचशी अखेर तुरुंगात जात. फादर काफास्सो यांनी तरुण डॉन बॉस्कोंस ते तुरुंग दाखविले. ८ डिसेंबर १८४१ रोजी संत फ्रान्सिस यांच्या देवळाच्या साक्रिस्तीत बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा एक पोरका मुलगा शिरला. त्यास मिस्सेत सेवा करता येईना, म्हणून साक्रिस्तानाने मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलाविले. त्या एका मुलाबरोबर त्यांच्या ऑरेटरीचा, म्हणजे सुटीच्या दिवशी मुलांनी प्रार्थना, शिकवण व खेळ यांकरिता जमावयाच्या स्थानाचा, प्रारंभ झाला. पुढे मुले शेकड्यांनी येऊ लागली. गोंगाटामुळे लोकांनी त्यांस जागोजाग हुसकून लाविले. अखेर १८४६ च्या पुनरुत्थानाच्या सणास वाल्दोक्को या उपनगरात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक बसकी पडवी भाड्याने मिळाली.

त्याच जुलैत श्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले. गवंडीकाम करणाऱ्या पोरांनी त्यांच्यासाठी उपास केले, नवस केले. ते बरे झाले, विश्रांतीकरिता बेक्कीस गेले, आणि ३ नोव्हेंबर १८४६ रोजी पायी तुरीनला परतले, ते आईस बरोबर घेऊन. मार्गेरिताबाईंचे वय तेव्हा अठ्ठावन्न. नातवंडांत सुखाने दिवस कंठावयाचे सोडून ही बाई कपड्यांची टोपली हातावर घेऊन निघाली. स्वतःच्या लग्नातील वस्त्रे व सोन्याचा दागिना तिने देवळाच्या व घराच्या गरजेकरिता देऊन टाकिला. माझ्या मते वाल्दोक्कोचे बोर्डिंग खरे त्या दिवशी स्थापन झाले. कारण आईवाचून घर होत नाही.

आरंभ मात्र फसलाच. रात्री आश्रय दिलेली पहिली पोरे चादरी व कांबळी घेऊन पळाली. परंतु १८४७ च्या मे महिन्यात पावसाने निथळत एक पोरका मुलगा दाराशी आला. मार्गेरिताबाईंनी त्यास शेकोटीजवळ बसविले, जेवू घातले, विटांवर फळ्या टाकून बिछाना केला, आणि निजण्यापूर्वी प्रामाणिकपणा व प्रार्थना यांविषयी दोन प्रेमाचे शब्द सांगितले. निजण्यापूर्वी सर्व मुलांस असे थोडेसे बोलून शुभरात्री म्हणण्याची चाल त्यांच्या घरांतून तेव्हापासून चालत आली, असे मानितात.

१८४९ च्या नोव्हेंबरातील एक हकीकत तेथील मुले म्हातारपणीही सांगत. मृतांच्या स्मरणार्थ डॉन बॉस्को सर्व मुलांस दफनभूमीत प्रार्थनेस घेऊन गेले व परत आल्यावर उकडलेले चेस्टनट देण्याचे त्यांनी कबूल केले. चेस्टनट म्हणजे आपल्याकडील फणसाच्या आठळ्यांसारखे पिठूळ, गोडसर फळ. गरीब लोकांचे हिवाळ्यातील अन्न. मार्गेरिताबाईंच्या समजुतीत काही घोटाळा झाला व त्यांनी थोडेसेच उकडले. शेकडो मुले रांगेत उभी आणि टोपली लहान. डॉन बॉस्को मूठ आखडती न घेता ओंजळी भरभरून देत राहिले, आणि प्रत्येकास पुरून टोपलीत उरले, असे जवळ उभ्या असलेल्या जुझेप्पे बुझेत्तीने सांगून ठेविले आहे. सर्व संतांच्या सणाच्या सुमारास मुलांस चेस्टनट वाटण्याची प्रथा त्या घरात पडली ती यावरून.

परंतु बोर्डिंग केवळ चमत्कारांवर चालत नाही. एके दिवशी मुलांनी लढाईचा खेळ मांडला आणि मार्गेरिताबाईंचा कष्टाने वाढविलेला भाजीचा मळा पायांखाली तुडवून टाकिला. फाटके कपडे, हरवलेले मोजे, स्वयंपाकघरातील लूट, हे सर्व सोसून थकलेल्या त्या माउलीने बेक्कीस परत जाण्याचे ठरविले. पुत्राने वाद घातला नाही. भिंतीवरील क्रूसाकडे फक्त बोट दाखविले. ती राहिली, आणि २५ नोव्हेंबर १८५६ रोजी मरण येईपर्यंत तेथेच राबली. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात ज्या स्त्रियांनी आयुष्य झिजविले, त्यांची नावे सहसा कोणत्याही पुस्तिकेत येत नाहीत. म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये पटकी आली. वाल्दोक्कोच्या आसपासच्या वस्तीत माणसे पटापट मरू लागली. डॉन बॉस्कोंच्या हाकेस ओ देऊन मोठी मुले रोग्यांच्या सेवेस गेली. प्रत्येकाजवळ हात धुण्याकरिता शिरक्याची बाटली असे. रोग्यांस पांघरूण पुरेना, तेव्हा मार्गेरिताबाईंनी घरातील कापड संपल्यावर वेदीवरील वस्त्रेही दिली. साथ ओसरली तेव्हा त्या मुलांपैकी एकही दगावला नव्हता. याच शरदात, २ ऑक्टोबर रोजी, बेक्की येथे एका लोहाराचा मुलगा बापाबरोबर डॉन बॉस्कोंस भेटण्यास आला. परीक्षेकरिता एका पुस्तिकेचे पान त्यास दिले. थोड्याच मिनिटांत त्याने ते पाठ म्हणून अर्थही सांगितला. ऑक्टोबरच्या २९ तारखेस तो वाल्दोक्कोत दाखल झाला. हाच संत डॉमिनिक सावियो. तो १८५७ च्या मार्चमध्ये, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधी, मरण पावला. पण तत्पूर्वी त्याने सोबत्यांस जमवून निष्कलंक मरियेच्या नावाने एक मंडळी स्थापिली. नव्या मुलास एकटे वाटू न देणे, भांडखोरांस सांभाळून घेणे, ही कामे त्या मंडळीतील मुलेच करीत.

तथापि सगळीच मुले सावियो नव्हती. १८५७ च्या शरदात कारमान्योला स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता दाट धुक्यातून डॉन बॉस्कोंस पोरांचा कल्लोळ ऐकू आला व त्यांत एकाचा हुकमी आवाज. बाकीची पोरे पांगली. तो पुढारी मात्र जागचा हलला नाही. हा मिकेले मागोने, बाप नसलेला, शाळेतून काढलेला. थोड्याच दिवसांत तो वाल्दोक्कोत आला. खेळात सर्वांच्या पुढे, पण काही आठवड्यांनी गप्प गप्प राहू लागला. मन मोकळे करून पापकबुली दिली तेव्हा पुन्हा हसू लागला. १८५९ च्या जानेवारीत तोही गेला. डॉन बॉस्कोंनी दोघांचीही चरित्रे लिहिली. संताचे लिहिले तसे उनाडाचेही, हे मला फार आवडते.

मुलांस सर्वांत प्रिय असत त्या शरदातील पदयात्रा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बेक्की येथे रोझरीच्या मातेचा सण होई. त्याकरिता डॉन बॉस्को चांगल्या वर्तनाच्या मुलांस घेऊन जात. १८५९ पासून या सहली मोन्फेर्रातोच्या टेकड्यांतून गावोगाव फिरू लागल्या. शंभरेक मुले, पुढे पितळी वाद्यांचा बँड, मागे नाटकाचे सामान. रात्री गवतावर निजावयाचे, मक्याच्या पिठाचा पोलेंता व शेतकऱ्यांनी दिलेली द्राक्षे खावयाची, सकाळी त्या गावच्या देवळात मिस्सा गावयाची, संध्याकाळी नाटक करावयाचे. बँड ऐकून लोक जमत, आणि जमलेल्यांपैकी कित्येक डॉन बॉस्कोंपाशी पापकबुलीस बसत. १८६४ ची यात्रा जेनोव्हापर्यंत गेली. परतीच्या वाटेवर ऑक्टोबरात मोर्नेसे गावी मरिया माझ्झारेल्लो या तरुणीने डॉन बॉस्कोंस प्रथम पाहिले. १८७२ साली त्या दोघांनी मुलींच्या शिक्षणाकरिता सिस्टरांचा संघ स्थापिला.

खेळाबरोबर कामही होते. वाल्दोक्कोत १८५३ साली चांभारकाम व शिंपीकाम, १८५४ त पुस्तकबांधणी, १८५६ त सुतारकाम सुरू झाले. त्याआधी बाहेर उमेदवारी करणाऱ्या मुलांकरिता डॉन बॉस्को मालकाशी लेखी करार करीत: धंदा खरोखर शिकवावा, आठवड्यास वेतन द्यावे, सणवार मोकळे ठेवावे, चुकल्यास शब्दाने सुधारावे, हात उगारू नये. १८५९ च्या डिसेंबरात त्यांनी सालेशियन संघ स्थापिला. १८६३ च्या ऑक्टोबरात तुरीनबाहेरील पहिली शाळा मिराबेल्लो येथे उघडली, तेव्हा तिचे मुख्य म्हणून सव्वीस वर्षांच्या मिकेले रुआ यांस धाडिले. हा रुआ त्यांच्याच अंगणात वाढलेला. त्यास दिलेल्या लेखी सूचनांचे सार असे की धाक बसविण्यापूर्वी प्रीती संपादन करावी आणि मधल्या सुटीत जमेल तितके मुलांतच राहावे.

या शेवटच्या सूचनेवर सारे अवलंबून होते. मी स्वतः बोर्डिंगमध्ये वाढलो आहे. एक फादर पावसात धोतर-पाटलोणीची पर्वा न करणाऱ्या आम्हां पोरांबरोबर चिखलात चेंडू खेळत. दुसरे वरच्या गॅलरीतून शिट्टी वाजवीत. शिट्टी वाजली की आम्ही गप्प होत असू, एवढेच. घरची आठवण येऊन रडू कोसळले म्हणजे पाय कोणाच्या खोलीकडे वळत, हे सांगणे नको.

संघ वाढला. ११ नोव्हेंबर १८७५ रोजी पहिले मिशनरी वाल्दोक्कोच्या देवळातून आर्जेंटिनाकडे निघाले. त्यांचे पुढारी जोव्हान्नी कालिएरो हेही १८५१ च्या नोव्हेंबरात मुलगा म्हणून तेथे आलेले. कीर्ती झाली, इमारती उठल्या, मुले कित्येक शेकड्यांवर गेली. आणि मे १८८४ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या, थकलेल्या डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या घरास एक दुःखाने भरलेले पत्र धाडिले. स्वप्नात त्यांनी दोन अंगणे पाहिली होती. पहिले जुन्या काळचे: मुले धावत, गात होती, आणि गुरुजन त्यांच्यामध्ये. दुसरे त्या दिवसांचे: मुले खांबांना टेकून कंटाळलेली, कोपऱ्यांत कुजबुजणारी, गुरुजन आपसांत बोलत फिरत किंवा दुरून नजर ठेवीत. नियम होते, शिस्त होती, प्रार्थनाही होत होत्या. विश्वास तेवढा नाहीसा झाला होता. प्रेम असून भागत नाही, आपणांवर प्रेम आहे हे मुलास कळले पाहिजे, असे त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांस कळविले. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या घरात, आपण उभारलेले निसटत आहे हे पाहणे व ते उघड बोलून दाखविणे, यास मी त्यांच्या सर्व चमत्कारांहून मोठे मानतो.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे त्यांनी देह ठेविला. आदल्या दिवशी घरातील मंडळी व मुले एकेक करून बिछान्याजवळून गेली आणि त्यांच्या निश्चल हाताचे चुंबन घेती झाली. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या सणास, ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून घोषित केले. त्यांचे पुत्र १९०६ साली तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले. माटुंग्याच्या मरियेच्या देवळात आपल्यापैकी बहुतेकांनी गुडघे टेकले आहेत. दर्शन घेऊन परतताना बाजूच्या शाळेचे अंगण लागते. मधली सुटी असेल तर मी तेथे थोडा वेळ उभा राहतो, आणि खेळणाऱ्या मुलांमध्ये कोणी मोठे माणूस दिसते काय, ते पाहतो.