तारामतीच्या शोधात दादासाहेब फाळके

चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पडद्यावरची पहिली नायिका त्यांना कोठे सापडली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना असे बरेच उद्योग झाले. चाळिशीच्या सुमारास मुंबईत ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि रामकृष्ण असेच पडद्यावर आणायचे, या वेडाने त्यांना झपाटले. सतत चित्रपट पाहून डोळे जाण्याची वेळ आली, तरी माघार नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले.

कच्ची फिल्म यायची ती भोके न पाडलेली. आम्हा रेल्वेवाल्यांना गेजचे महत्त्व वेगळे सांगायला नको! या भोकांचेही तसेच. अंतर चुकले की फिल्म अडकलीच. ते काम अंधाऱ्या खोलीत बसून करीत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. शिवाय फिल्म धुणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. माझ्या मते या माउलीला श्रेय फार कमी मिळाले.

'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव झाली, पण तारामती मिळेना. घरंदाज बायका सोडाच, वेश्यावस्तीतूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा नाजूक अंगकाठीचा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडला. महिना पंधरा रुपयांवर तो तारामती झाला. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. अभिनेते विक्रम गोखले यांच्या आजी त्या याच कमलाबाई. तरीही १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! राम दिसताच प्रेक्षक पायातले जोडे काढीत. फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी १९१९ साली 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली.

पैसा आला, तसे भागीदारही आले. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पण मतभेद झाले आणि दादासाहेब चक्क काशीला निघून गेले. पुढे परतले खरे, पण १९३१ साली बोलपट आला नि मूकपटांचे दिवस सरले. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ चा. आयुष्याची शेवटची वर्षे विपन्नावस्थेत गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

अण्णा साळुंके मात्र पुढे साडी उतरवून कॅमेऱ्यामागे गेले आणि छायाचित्रकार झाले.