घरकाम करणारी विजेती

दुसऱ्याच्या घरी केरवारे, धुणीभांडी करून संसाराला हातभार लावणारी बाई आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. अशी एखादी बाई संध्याकाळी मैदानावर उतरून देशातील अव्वल खेळाडू ठरते, ही गोष्ट मात्र क्वचितच कानी येते. म्हणून मंडळाच्या भगिनींसाठी अमेरिकेतील ओरा वॉशिंग्टन हिची हकीकत येथे देत आहे.

ओराचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनिया राज्यातील एका खेड्यात, कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी झाला. घरात भावंडे पुष्कळ, शेतीत भागेना. त्या काळी दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी उत्तरेकडील शहरांची वाट धरीत होती. ओराही फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागात आली आणि घरकाम करू लागली.

जर्मनटाउनमध्ये ख्रिस्ती तरुणींची एक संस्था होती, म्हणजे तिथले महिला मंडळच म्हणा ना! पण त्यातही गोऱ्या स्त्रियांची शाखा निराळी आणि कृष्णवर्णीयांची निराळी. या दुसऱ्या शाखेत ओराने पंचविशीच्या सुमारास प्रथम टेनिसची रॅकेट हाती धरली. बहिणीच्या मृत्यूचे दुःख विसरावे म्हणून कोणीतरी तिला खेळायला सुचवले, असे सांगतात. एरवी चॅंपियन होणाऱ्या मुली लहानपणापासून शिकतात. हिने रॅकेटही भलतीच धरली, मुठीच्या पार वरच्या बाजूला, आणि फटकेही आखूडच मारी. सामन्यापूर्वी हातपाय मोकळे करून घेण्याचीही तिला गरज वाटत नसे. खेळता खेळता अंग तापेल, हा तिचा हिशेब.

कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत १९२९ ते १९३५ अशी सलग सात वर्षे आणि पुन्हा १९३७ साली ती एकेरीची विजेती झाली. दुहेरीचे विजेतेपद तर १९२५ पासून ओळीने बारा वर्षे तिच्याकडे होते. १९३६ साली एकेरीचा मान लुलू बॅलर्डला मिळाला. ही लुलू तिचीच दुहेरीतील जोडीदारीण!

परंतु तिचे खरे राज्य हिवाळ्यात असे, बास्केटबॉलच्या मैदानावर. १९३०–३१ च्या हंगामात ती जर्मनटाउन हॉर्नेट्स संघातून खेळली. त्या संघाने बावीस सामने जिंकले आणि एकच हरला. पुढे फिलाडेल्फिया ट्रिब्यून या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने आपला स्त्रियांचा संघ उभा केला आणि ओरा त्यात गेली. वर्तमानपत्राचा खप पाहणारे ऑटो ब्रिग्ज हे एकेकाळचे बेसबॉलपटू या संघाचे मार्गदर्शक होते. ओरा मध्यावर खेळे, सर्वांत जास्त गुण मिळवी आणि संघाची धुराही तीच वाही.

त्या काळी बायकांना झेपणार नाही म्हणून बास्केटबॉलचे वेगळे, सौम्य नियम केलेले होते. मैदानाचे भाग पाडायचे आणि प्रत्येकीने आपल्या भागातच राहायचे. ट्रिब्यूनच्या मुली मात्र दोन्ही नियमांनी खेळत. समोरचा संघ म्हणेल तसे, बायकांचे नियम म्हणा की पुरुषांचे. गावोगाव फिरून तिकीट लावून सामने होत. अकरा वर्षे हा संघ कृष्णवर्णीय स्त्रियांचा जगज्जेता म्हणवला गेला. यातला ‘जग’ हा शब्द जाहिरातीतला समजावा, पण अमेरिकेत त्यांना तोड नव्हती हे खरे.

मार्च १९३४ मध्ये हा संघ दक्षिणेत ग्रीन्सबरोला गेला. तिथल्या बेनेट महिला महाविद्यालयाचा संघ फार नावाजलेला होता. एका बाजूला विशीतल्या विद्यार्थिनी, दुसऱ्या बाजूला पस्तिशीला टेकलेली, लोकांच्या घरी राबणारी ओरा. तीन सामने झाले आणि तिन्ही ट्रिब्यूनने जिंकले. पंचांची नजर चुकवून ओरा पोटात ठोसाही मारी, अशी आठवण त्यांतल्या काही जणींनी पुढे म्हातारपणी सांगितली. ते लपवण्यात अर्थ नाही. ती काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हती.

एवढे होऊनही खेळावर तिचे पोट कधी भरले नाही. विजेतेपद घेऊन यायचे आणि पुन्हा कुणाच्या तरी घरी कामाला जायचे. गोऱ्यांच्या टेनिस स्पर्धांचे दार तिला बंद होते. हेलन विल्स ही त्या काळातील गोऱ्यांची सम्राज्ञी, विंबल्डनची आठ वेळची विजेती. दोघी एकाच देशात, एकाच काळात खेळल्या, पण त्यांचा सामना कधी झालाच नाही. दोघींत श्रेष्ठ कोण, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही, आणि माझ्या मनाला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

१९४७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात तिने जॉर्ज स्टुअर्टबरोबर खेळून एका तरुण मुलीच्या जोडीला हरवले. ती मुलगी अल्थिया गिब्सन. तीन वर्षांनी, १९५० साली, अल्थियाला गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि १९५७ साली तिने विंबल्डन जिंकले. ओराचे खेळण्याचे दिवस तोवर सरले होते. ती घरकाम करीतच राहिली आणि १९७१ साली वारली.

१९७६ साली कृष्णवर्णीय खेळाडूंच्या सन्मानमालिकेत तिचे नाव घालण्यात आले. समारंभाच्या दिवशी तिची वाट पाहण्यात आली. ती जाऊन पाच वर्षे झाली होती, हे बोलावणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मानमंदिरात तिचे नाव लागायला आणखी बेचाळीस वर्षे गेली. ते साल २०१८.